दुसरी बशी

यंत्राच्या खोलीत जाताना सगळे चपला बाहेर काढत, फोन बाहेर ठेवत आणि बोलणंही बाहेरच ठेवत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तो सुईबाईचा होता. तिने यंत्राचं झाकण उघडलं की पंखा बंद व्हायचा. ती सुई खाली सोडायला लागली की शेजारचा माणूस न सांगता श्वास रोखून धरायचा. एकदा कुणी बडे पाहुणे बघायला आले होते, त्यांना नेमकी त्याच वेळी शिंक आली. सुईबाई मान न वळवता म्हणाली, "झालं. आता पुन्हा पहिल्यापासून." पाहुणे ओशाळून बाहेर गेले आणि उरलेल्या दोन शिंका त्यांनी जिन्यात दिल्या.

सुईबाई हे अर्थात तिचं खरं नाव नव्हतं. तिच्या वडिलांचं रफूचं दुकान होतं. सिगारेटने जळालेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, लग्नाच्या आदल्या दिवशी खिळ्याला अडकून फाटलेलं रेशीम, असलं सगळं त्या दुकानात यायचं. ती आणि तिचा मोठा भाऊ शाळेतून आले की वडिलांच्या दोन बाजूंना बसून धागे वेगळे करायचे. पुढे दादाने दुकान धरलं. ती शिकली आणि फुफ्फुसांच्या आजारांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली. सुरुवातीला काचेच्या बशांत पेशी वाढवायचं काम होतं. त्यांना वेळेवर खायला घालायचं, त्यांचं पाणी बदलायचं, बुरशी लागू द्यायची नाही. लग्न केलं नाही. "घरी भावाची दोन मुलं आणि इथे कोट्यवधी," असं ती सांगायची, "आणखी किती वाढवू?"

आठ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत ते यंत्र आलं. पेशी किती कडक आहे ते मोजायचं यंत्र. आंबा पिकलाय का ते आपण अंगठ्याने दाबून बघतो, तसंच ते. फक्त इथे अंगठ्याच्या जागी केसाहून पातळ अशी एक पट्टी असते आणि तिच्या टोकाला खाली डोळ्याला न दिसणारा काचेचा मणी चिकटवलेला असतो. मणी पेशीवर अलगद टेकवायचा, किंचित दाबायचा. पेशी मऊ असली तर मणी आत रुततो, कडक असली तर पट्टी वाकते. किती वाकली त्यावरून यंत्र आकडा सांगतं. तो मणी पट्टीला चिकटवायला कंपनीचा माणूस आला होता. त्याने दोन दिवसांत अकरा पट्ट्या मोडल्या. सुईबाई मागे उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "सरका जरा." पहिल्याच खेपेला मणी बसला. त्या दिवसापासून तिला सगळे सुईबाई म्हणायला लागले आणि यंत्र तिच्या ताब्यात आलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख एक मॅडम होत्या. त्यांचा सगळा जन्म एका आजारात गेला होता. त्यात फुफ्फुस हळूहळू घट्ट होत जातं, वाळलेल्या स्पंजासारखं, आणि माणसाला श्वास आत घेता येत नाही. श्वासाच्या नळ्यांना आणि फुग्यांना आतून जे पेशींचं अस्तर असतं, त्या पेशीही कडक होतात. मॅडमचं म्हणणं असं, की अस्तर पुन्हा मऊ करता आलं तर आजाराची चाल थांबेल. दुसऱ्याच एका दुखण्यासाठी वर्षानुवर्षं दिलं जाणारं एक औषध त्यांनी पेशींवर घालून पाहिलं. सुईबाईने मोजलं. कडक केलेल्या साध्या, म्हणजे बिनऔषधाच्या, पेशींचा आकडा चारच्या आसपास यायचा, औषध घातलेल्यांचा अडीच-पावणेतीन. एकदा नाही, तीन वर्षं, दर वेळी. आकडे जुळवायचं काम एक पीएचडी करणारा मुलगा करायचा. मुलगा कसला, तिशीचा बाप्या होता, पण दारातून वाकून यावं लागायचं म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. लेख छापून आला, वाहवा झाली. औषध माणसांना चालतं हे आधीच ठाऊक असल्याने शेजारच्या रुग्णालयाने बारा रुग्णांवर चाचणी करायचं ठरवलं.

त्या बारा जणांच्या यादीत नववं नाव दादाचं होतं.

दादाला तो आजार चार वर्षांपूर्वी झाला. कशामुळे, ते कुणालाच सांगता आलं नाही. दुकान बंद झालं. आता तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचा, नाकाला नळी, पायाशी घुंघुं करणारं ऑक्सिजनचं यंत्र. आजाराची गती कमी करणारी एक गोळी त्याला चालू होती, पण तिने दिवसभर मळमळायचं. घास तोंडात घातला की तो उठून मोरीकडे जायचा. चाचणीत भाग घ्यायचा तर एक अट होती: जुनी गोळी बंद करायची, म्हणजे नव्या औषधाचा गुण नीट कळेल. दादाने ती अट ऐकली आणि चार वर्षांत पहिल्यांदा हसला.

"चिंगे," तो म्हणाला. बावन्न वर्षांच्या बहिणीला तो अजून चिंगीच म्हणायचा. "तुझ्या हातचं औषध ना गं हे?"

"माझ्या हातचं कुठलं, दादा? मी नुसती दाबून बघते."

"तेच ते. तू दाबून बघितलंस म्हणजे झालं."

बुधवारी रुग्णालयाच्या समितीची सही व्हायची होती आणि त्याच दिवशी जुनी गोळी बंद होणार होती. ही हकीकत त्याच्या आठ दिवस आधी, मंगळवारी सुरू झाली.

रोज सकाळी मोजायला बसण्याआधी सुईबाई स्वच्छ पट्टी लावून यंत्राची परीक्षा घ्यायची. एक जेलचा तुकडा ठेवलेला असायचा, त्याचा कडकपणा आधीच ठाऊक, बरोबर पाच. मणी त्यावर दाबायचा, पाच आले की यंत्र ठीक. मग पहिली बशी साध्या पेशींची, मग दुसरी औषधाची. हा क्रम तिनेच पहिल्या दिवशी लावला होता. साध्या पेशींवर हात बसतो, मग औषधाच्या घ्याव्यात, इतकाच विचार होता. त्या मंगळवारी जेलचा नवा डबा आला. दुपारचे तीन वाजले होते, दोन्ही बशा मोजून झाल्या होत्या, पट्टी अजून यंत्रातच होती. तिला वाटलं, आहे जोडलेलं तर नवा जेलही बघून टाकू.

नवा जेल सव्वातीन आला.

"माल खराब दिसतोय," ती स्वतःशीच पुटपुटली आणि खात्री करायला जुना जेल लावला. सकाळी पाच आलेला. तोही सव्वातीन आला.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा सव्वातीन. तिने पट्टी काढली, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मण्याकडे बघितलं. काचेच्या स्वच्छ गोळ्यावर धुरकट, चिकट असं काहीतरी बसलं होतं. पेशींवर दाबून दाबून त्यांचाच लगदा मण्याला लागला होता, जसं कणीक मळून झाल्यावर बोटांना लागतं. तिने मणी धुतला. जेल पाच आला.

ती स्टुलावर बसली. खोलीत पंखा बंद होता. मण्यावर मऊ थर बसला की समोरची वस्तू मऊ नसली तरी मऊ लागणार, हे समजायला पदवी लागत नव्हती. मणी घाण व्हायचा तो पहिल्या बशीत. आणि दुसरी बशी नेहमी औषधाची.

त्या दिवशी ती कुणाला काही बोलली नाही. घरी गेली तर वहिनीने रुग्णालयात न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. टॉवेल, कंगवा, दादाचा चष्मा पुसायचं फडकं.

"वन्सं, अजून आठ दिवस आहेत, ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली. "पण भरून ठेवली की बरं वाटतं."

बुधवारी सकाळी सुईबाईने क्रम उलटा केला. औषधाची बशी आधी, साधी नंतर. बाकी काही बदललं नाही. औषधाच्या पेशी तीन पूर्णांक नऊ आल्या. साध्या दोन पूर्णांक सात. ज्यांच्यावर औषधाचा थेंबही पडला नव्हता, त्या पेशी 'मऊ' झाल्या होत्या. तिने आकड्यांचा कागद चौपदरी दुमडला आणि एप्रनच्या खिशात टाकला. दिवसभर तो तिला मांडीला टोचत राहिला.

गुरुवारी तिने लंबूला यंत्राच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि कागद पुढे केला. त्याने वाचला, मग तिने सांगितलेलं ऐकलं, मग पुन्हा वाचला.

"एखाद्या दिवशी होतं असं, सुईबाई. पट्टी जुनी असेल."

"पट्टी नवी आहे."

"मग पेशी. एखादी खेप वाईट निघते."

"तुझ्याकडे तीन वर्षांचे आकडे आहेत ना? एकेक पेशीचे, क्रमाने?"

"आहेत. पण आपण त्यांची सरासरी..."

"सरासरी नको. क्रमाने लाव."

त्याने लॅपटॉप आणला. प्रत्येक बशीत ती चाळीस पेशी दाबायची. त्याने कुठलातरी एक जुना दिवस उघडला आणि पहिल्या पेशीपासून चाळिसाव्यापर्यंत ठिपके मांडले. ठिपके उतरणीला लागलेले. दुसरा दिवस उघडला, तिसरा उघडला. कुठे उतार जास्त, कुठे कमी, पण चढ कुठेच नाही. तीन वर्षं त्या आकड्यांकडे तो रोज बघत होता आणि रोज त्यांची बेरीज करून चाळीसने भागत होता.

लंबू उठून उभा राहिला, एवढ्याशा खोलीत त्याला फेऱ्याही मारता येईनात. "माझी तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पुढच्या बुधवारपर्यंत गप्प राहता येणार नाही का? सही होऊ दे. औषध घातक तर नाहीये. नंतर हळूच..."

"ते लोक जुनी गोळी बंद करणार आहेत."

"ती गोळी तरी कुठे मोठे दिवे लावते?"

"थोडे लावते," सुईबाई म्हणाली. "आपली किती लावते ते आता आपल्याला ठाऊकच नाही."

तिलाही वाटत होतं, की आपलं काहीतरी चुकत असावं. औषधात थोडा तरी दम असेल. अर्धा, पाव. ती म्हणाली, "मॅडमकडे हा एवढासा कागद घेऊन जायचं नाही. नीट मोजू. तू बशांवर नुसती अक्षरं चिकटव, कुठल्या बशीत काय ते मला सांगू नकोस. आधी कुठली घ्यायची ते नाणं उडवून ठरव. मी प्रत्येक बशीच्या आधी मणी धुणार, आधी जेल, नंतर जेल. आणि पेशी मी निवडणार नाही. तू कागदावर चौकटी आखून दे, त्या चौकटीत येईल ती दाबणार. कुरूप असली तरी."

शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी इमारतीत दोघेच होते. लंबू बशी आणून ठेवायचा आणि बाहेर कठड्यावर जाऊन बसायचा, चेहऱ्यावरून तिला काही कळू नये म्हणून. आत सुईबाई एकटी. मणी खाली यायचा, पडद्यावरची रेघ सरळ चालत राहायची, आणि मणी टेकला की वर उचलली जायची. एखादी बशी मऊ यायला लागली की तिच्या मनात यायचं, ही औषधाची असू दे. मग ती हात काढून घ्यायची, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि ते मनातून गेल्यावरच पुन्हा बसायची. शनिवारी एक पट्टी तिच्या हातून मोडली. दादाचं वय, वहिनीची पिशवी, मॅडमचे पांढरे केस, हे सगळं त्या मण्यावर बसलंय आणि ते काही केल्या धुतलं जात नाही, असं तिला झालं.

शनिवारी संध्याकाळी घरी आणखी एक गोष्ट घडली. तिला कात्री हवी होती म्हणून तिने दादाच्या खुर्चीजवळचा खण ओढला. आत गोळ्यांची पाकिटं होती. त्या आठवड्याचं पाकीट भरलेलं होतं. एकही गोळी घेतलेली नव्हती.

"दादा, हे काय?"

दादाने खिडकीबाहेर बघितलं. "बुधवारपासून बंदच करायच्यात. आठवडाभर आधी केल्या तर काय आभाळ कोसळतंय?" बोलता बोलता त्याला थांबून दम घ्यावा लागला. "पाच दिवस झाले, मळमळलं नाही. पोटभर जेवतोय. बघतेस ना?"

"चालू कर त्या. आजच्या आज."

"का?"

का, ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण बशांवरची अक्षरं अजून उघडायची होती. औषध खरं ठरलं तर उगीच त्याची झोप उडवल्यासारखं होणार. खोटं ठरलं तर... तिने एवढंच म्हटलं, "डॉक्टरांनी बुधवार सांगितलाय म्हणून."

"तू डॉक्टर कधीपासून झालीस, चिंगे?" तो हसून म्हणाला आणि खण त्याने पायाने लोटला. वहिनी दारात उभी होती. तिला ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सुईबाई त्याच्या शेजारी जेवायला बसली. दादा आवडीने जेवत होता.

सोमवारी दुपारी लंबूने अक्षरं उघडली. साध्या पेशी चार पूर्णांक एक. औषधाच्या तीन पूर्णांक आठ. फरक होता, पण इतका बारीक, की तो आहे म्हणायचा की नाही यावर दोन शहाणे भांडले असते. दीड आकड्याचा फरक मण्यावरच्या चिकट लगद्यात होता आणि मणी धुतल्याबरोबर तो वाहून गेला होता.

लंबू म्हणाला, "चला." एवढंच. तो पुढे निघाला हे सुईबाई पुढे कधी विसरली नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"क्रम कुणी ठरवला होता?"

"मी," सुईबाई म्हणाली.

"आकडे मी बघत होतो," लंबू म्हणाला. "मी एकदाही विचारलं नाही."

"आणि लेखावर सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "परवा समितीची सही आहे आणि तुम्ही आज, सोमवारी दुपारी, माझ्याकडे येताय?" त्यांचा आवाज चढला. "मंगळवारी कळलं होतं ना तुम्हाला, बाई? सहा दिवस काय करत होतात?"

"मोजत होते."

मॅडम उठल्या. यंत्राच्या खोलीशी जाऊन त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाल्या, "दाखवा." सुईबाईने जेल लावला, पाच. साधी बशी लावून चाळीस पेशी दाबल्या. त्याला पाऊण तास लागला. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, बसल्या नाहीत. पुन्हा जेल लावला. साडेतीन. मॅडमनी पडद्यावरचा आकडा बोटाने पुसून बघितला, जणू काचेवर काही बसलं असावं. मग त्या खोलीबाहेर आल्या, फोन हातात घेतला, परत ठेवला, पुन्हा घेतला.

"तुमचे भाऊ यादीत आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो. नववे."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि नंबर लावला. रुग्णालयातल्या छातीच्या डॉक्टरांशी त्या दहा मिनिटं बोलल्या, पलीकडून फारसं काही ऐकू येत नव्हतं. फोन ठेवून म्हणाल्या, "चाचणी थांबवताहेत. उद्या ते स्वतः बाराही घरी फोन करतील. तोवर बाहेर कुठे बोलू नका, अशी त्यांची विनंती आहे."

"मॅडम, तो आज गोळी घेणार नाही," सुईबाई म्हणाली. "मला घरी सांगावं लागेल."

"जा," त्या म्हणाल्या. "मी बघते डॉक्टरांचं."

दादा त्याच खुर्चीत होता. तिने समोर स्टूल ओढलं आणि सांगितलं. मणी, लगदा, पहिली बशी, दुसरी बशी. रफूवाल्याच्या मुलाला हे समजवायला फार शब्द लागले नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती, तिचे हात कधीच कोरडे झाले होते, तरी ती पुसतच होती.

"तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" वहिनी म्हणाली. "बाधत तर नव्हतं ना ते औषध? निदान यांना वाटलं असतं, काहीतरी चाललंय. तेवढंही बघवलं नाही तुम्हाला, वन्सं?"

"जुनी गोळी सुटली असती, वहिनी. तीच थोडं धरून ठेवते."

"थोडं!" वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला.

दादा मात्र भलत्याच गोष्टीवर अडला होता. "शनिवारी तुला ठाऊक होतं?"

"नक्की नव्हतं."

"पण होतं."

"हो."

"शेजारी बसून जेवलीस माझ्या." त्याला धाप लागली, पण तो थांबला नाही. "मला म्हणालीस, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. तुझ्या मनात एवढं होतं, आणि माझं फुफ्फुस, माझी गोळी... मला नको होतं सांगायला? मी काय तुझ्या बशीतला आहे?"

तिने खणातून पाकीट काढून त्याच्या हाताशी ठेवलं. त्याने त्या रात्री गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, त्यानंतर घेतली, आणि दुपारी सगळं जेवण ओकून टाकल्यावर तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की ती अंगणात जाऊन उभी राहिली. सतरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. काही हवं असेल तर वहिनीला सांगायचा, "तिला म्हणावं, खिडकी लाव."

अठराव्या दिवशी तो म्हणाला, "मला ते यंत्र बघायचंय."

चाकाची खुर्ची आणि छोटा सिलिंडर घेऊन तिने त्याला नेलं. उंबऱ्यावरून खुर्ची लंबूने उचलली. दादाने पायातल्या चपला काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं. तिने एक बशी लावली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशींची नुसती जाळी दिसत होती.

"माझ्या अशा आहेत?"

"अशाच. थोड्या आणखी घट्ट."

तिने मणी खाली सोडला. सिलिंडरचा फुसफुस आवाज रेघेत उतरायला लागला, रेघ थरथरत होती. तिने त्याच्याकडे बघितलं. दादाला श्वास रोखता येणार नव्हता आणि ती त्याला सांगणारही नव्हती. तसंच, थरथरत्या रेघेवर, तिने मोजलं. आकडा काही कामाचा नव्हता. दादा मात्र पडद्याला नाक लावून बघत होता.

"पुन्हा दाब," तो म्हणाला. तिने सात-आठ वेळा दाबलं. परतताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी अर्धवट असलं तरी सांगायचं. मी ठरवीन काय करायचं ते."

"सांगीन."

आणि तिने सांगितलं, पुढे प्रत्येक तपासणीचं, चांगलं-वाईट सगळं, आकड्यासकट. कधी कधी दादा म्हणायचा, "आज नको," तर त्या दिवशी नाही.

मॅडमनी लेख मागे घेतला. कारण पहिल्याच ओळीत लिहिलं, आडपडदा न ठेवता. त्यांच्या पाठीमागे लोक हसले, थोडे तोंडावरही हसले. वर्षभराने त्या निवृत्त झाल्या तेव्हा समारंभ झाला, पण मोठ्या सभागृहाऐवजी प्रयोगशाळेतच, चहाचे कप हातात धरून. लंबूची परीक्षा सोळा महिने पुढे गेली. मणी कसा घाण होतो, किती पेशींनंतर होतो आणि ते कसं ओळखायचं, यावरच त्याने नवा प्रबंध लिहिला. परीक्षकांनी त्याला विचारलं, हे लक्षात कसं आलं? त्याने सांगितलं, जेलचा नवा डबा आला म्हणून. परीक्षकांना तो विनय वाटला. यंत्राच्या खोलीत आता भिंतीवर कागद आहे: प्रत्येक बशीआधी मणी धुवा. तो छापील आहे, पण त्याखाली पेनने "आणि नंतरही" असं सुईबाईचं अक्षर आहे.

दादा त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने जगला. गोळी शेवटपर्यंत घेतली, शेवटपर्यंत तिला शिव्या दिल्या. एका दुपारी रुग्णालयात गेला. सुईबाई तेव्हा शेजारच्याच इमारतीत कामावर होती, निरोप आल्यावर ती धावत पोचली, तोवर वहिनी त्याचा चष्मा पुसून घडी करून पिशवीत ठेवत होती.

नणंद-भावजय अजून त्याच घरात राहतात. चाचणी थांबली त्या दिवसाचं त्या दोघींत कधी बोलणं निघालं नाही. वहिनी तिला चुकली म्हणाली नाही आणि बरोबर होती असंही म्हणाली नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर एकदा लांबच्या नात्यातली एक मावशी भेटायला आली होती. गोष्ट तिच्या कानावर होती. ती सुस्कारा सोडून म्हणाली, "ते औषध मिळालं असतं तर आणखी चार वर्षं तरी काढली असती हो त्याने."

"चार?" वहिनी म्हणाली. "कुणी मोजली? मोजणारी ही इथे बसलीय, विचारा तिला."

मावशीने सुईबाईकडे बघितलं. वहिनीने मावशीपुढे चहाचा कप सरकवला आणि तिच्या गुडघ्याचं कसं काय आहे ते विचारलं.